बसका उजेड

त्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय कापलेले होते. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा "बस गो" असं ऐकून नेहमीच्या अंदाजानं बसले, आणि खुर्ची लागायला जरा उशीरच झाला. समोरच्या बाईंनी न हसता माझ्याकडे पाहिलं.

"सवय होतली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांका होता."

मी तेव्हा मालवणात नुकतीच रुजू झाले होते. गुरांची डॉक्टर. गाव सांगलीकडचं, त्यामुळे समुद्र पाहिलेला तो शाळेच्या सहलीत तेवढाच. चर्चच्या मागच्या वाटेवर त्यांचं कौलारू घर होतं, आणि बाजूला वेगळ्या दाराची एक खोली. खोली स्वच्छ होती, हवेशीर होती, पण भिंतीवर ट्यूबलाइटच्या जागी नुसती दोन भोकं होती.

"इथं ट्यूब नाही का?" मी विचारलं.

"ट्यूब पोलिसांका होयी. तू पोलीस आसंस?"

"नाही. जनावरांची डॉक्टर आहे."

"मगे ढोरां हय हाडूची नाय आणि ट्यूब लावची नाय."

भाडेकरार म्हणतात तो एवढाच झाला. बाकीचं सगळं त्यांनी माझ्यावर सोडलं. सगळा गाव त्यांना 'बाय' म्हणायचा, मीही म्हणू लागले, आणि त्या मला कधी 'गो डॉक्टर' तर कधी नुसतंच 'गो'.

साठी ओलांडलेली, सडपातळ, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस. अंगात कायम फिकट निळा, परदेशी इस्पितळातल्या नर्स घालतात तसला सैल सदरा आणि तसलीच विजार. त्याला खिसेच खिसे. एकात पटाशी, एकात पेन्सिल, एकात चष्मा, आणि एकात बहुतेक वेळा अर्धी खाल्लेली चिक्की. त्याच वेषात बाजारात जायच्या, त्याच वेषात मासळी घ्यायच्या. नवीन आलेले पर्यटक त्यांना डॉक्टर समजून औषधाचं दुकान विचारायचे. त्याही न चुकता रस्ता सांगायच्या आणि वर "पाणी पी, उन्हात फिरू नको" असा सल्लाही द्यायच्या.

त्या लाकडाचे दिवे करायच्या.

दिवा म्हटल्यावर समई किंवा कंदील डोळ्यांसमोर येतो, तसला नाही. टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायचा, विजेचा. पण बघितल्यावर आधी वाटायचं की हे एक छोटंसं घर आहे. रुंद बैठक, मधे चौकोनी खांब, आणि वर चारी बाजूंनी लांबलचक बाहेर आलेलं सपाट छप्पर. छपराखाली बारीक पट्ट्यांची जाळी, सगळ्या पट्ट्या आडव्या. उभी रेघ जवळपास नाहीच. लाकूड फणसाचं. नवीन असताना पिवळंधमक, मग वर्षभरात मधासारखं होत जाणारं. कुठं खिळा दिसायचा नाही. आणि जाळीत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोन बसवलेले. त्यातून जो उजेड यायचा त्याला दुधाचा म्हणू की लोण्याचा, मला कधी ठरवता आलं नाही.

हे शिंपले मिळवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. या भागातल्या काही जुन्या घरांच्या खिडक्यांना पूर्वी काचेऐवजी असे शिंपल्याचे चौकोन असत. आता लोक त्या काढून अल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतात. कुठं असं काम निघालंय ही बातमी बायला मासेवाल्यांकडून नाहीतर रिक्षावाल्यांकडून कळायची. मग त्या माझ्या दाराशी येऊन गंभीरपणे सांगायच्या, "गो डॉक्टर, थंय एक खिडकी मरतली. स्कूटर काढ." आम्ही जायचो. त्या घरमालकाला काही म्हणायच्या नाहीत. फक्त खिडकी मांडीवर घेऊन बसायच्या आणि एकेक चौकोन पटाशीनं अलगद सोडवून टॉवेलात गुंडाळायच्या. मी पुष्कळ बाळंतपणं केली आहेत, गायीम्हशींची. एवढ्या हलक्या हातानं मी सुद्धा वासरू कधी धरलं नसेल.

दिव्यांचं हे रूप त्यांनी अमेरिकेतून आणलं होतं. नवरा जहाजावर होता, तो अकाली गेला. त्यानंतर बाय नर्स म्हणून शिकागोजवळच्या एका गावात गेल्या आणि एका म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करू लागल्या. ते घर प्रेअरी धाटणीचं होतं. प्रेअरी म्हणजे तिकडचा गवताळ, सपाट मुलूख. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या वास्तुरचनाकारांनी त्या मुलखाला शोभतील अशी घरं बांधायला सुरुवात केली. बुटकी, लांब, जमिनीला बिलगून बसलेली, रुंद वळचणीची. खिडक्यांना रंगीत काचांची नक्षी, आणि आतले दिवेही त्याच घराची पिल्लं असावीत तसे. म्हाताऱ्या बाईंचे यजमान तळघरात लाकूडकाम करत. बाहेर बर्फ पडायचं, पेशंट झोपलेली असायची, बाय तळघरात जाऊन बसायच्या. आधी नुसतं बघितलं, मग लाकूड घासून दिलं, मग एक दिवस त्या आजोबांनी रंधा हातात दिला.

"ती घरां म्हणजे आमच्या घरांची चुलत भावंडां," त्या सांगायच्या. "तशीच वळचण, तसाच बसका छप्पर. फक्त माड नाय आणि माशाचो वास नाय."

गावाला 'प्रेअरी' हा शब्द काही झेपला नाही. गावानं त्याचं 'प्रेयर' केलं. बायचे प्रार्थनेचे दिवे. सुरुवातीला बायनं दुरुस्त करायचा प्रयत्न केला म्हणतात. मग एकदा खुद्द पाद्री दिवा मागायला आले. सहा फुटी माणूस. कापलेल्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. तशाच अवस्थेत त्यांनी या प्रार्थनेच्या दिव्यामागचा धार्मिक विचार काय असं विचारलं. बायनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "फादर, माणूस खाली बसलो काय आपोआप प्रेयर करता." त्यानंतर तिनं तो शब्द दुरुस्त करणं सोडून दिलं.

मीसुद्धा मधेच 'त्या'वरून 'ती'वर आले, कारण प्रत्यक्षात तसंच झालं. पहिल्या दिवाळीपर्यंत मी तिच्या स्वयंपाकघरात जेवत होते आणि "अहो बाय" म्हटलं की ती मुद्दाम मागं वळून कोण आलंय ते बघायची.

उजेडाबद्दल तिचं एकच मत होतं आणि ते तिनं मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. "उजेड बसलेलो होयो. उभो ऱ्हवलेलो उजेड माणसाक पण बसाक देणा नाय." डोक्यावरून पडणाऱ्या उजेडाखाली माणसं भांडतात असं तिला खात्रीनं वाटायचं. सरकारी कचेऱ्यांचं उदाहरण ती द्यायची, आणि मी सरकारी कचेरीत असल्यामुळे मला वाद घालता यायचा नाही. खुर्च्यांचे पाय कापण्यामागचं शास्त्रही हेच. डोळे खाली आले की उजेड समोर येतो.

नवीन दिवा झाला की तो आधी माझ्या खोलीत राहायला यायचा. आठवडाभर. रोज सकाळी मी चहाला गेले की बाय विचारायची, "कसो वागलो?" जणू पाहुणा म्हणून कुणाचा भाचा आलाय. मी "चांगला" म्हटलं की तिला पुरायचं नाही. वाचताना डोळ्यांवर येतो का, मच्छरदाणीतून कसा दिसतो, मांजर जवळ बसलं का. मांजर बसलं नाही तर दिवा परत जायचा आणि त्याच्या छपराची रुंदी बदलून यायचा. बाजारातला विजेच्या सामानाचा दुकानदार पिवळ्या उजेडाचे बल्ब फक्त तिच्यासाठी मागवायचा आणि त्याबद्दल तिला बोलून दाखवायचा.

दिवा विकायचा तर आधी खोली बघणार, हा तिचा नियम. त्यावरून तोंडवलीच्या रिसॉर्टवाल्याची गंमत झाली.

हा तरुण मुलगा, किनाऱ्यावरच वाढलेला. वडील रापणीचं जाळं ओढायचे, यानं त्याच जागेवर खोल्या बांधल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक दिवा हवा म्हणून आला. बाय म्हणाली, आधी खोल्या बघते. मी स्कूटर चालवतेय, ती मागे बसलीय, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला दिवा, अशा आम्ही संध्याकाळी तोंडवलीला पोचलो. खोलीत पांढऱ्याशुभ्र लाद्या, वर खोटं छत आणि त्यातून निळा उजेड सांडतोय.

बाय दारातच थांबली. "हय काय आपरेशन करतत?"

"बाय, टुरिस्टांका उजेड लागता," तो म्हणाला.

"टुरिस्ट समुद्र बघूक येतत मां? मगे खोलयेत काय हरावला तेंचा?"

त्यानं डोकं खाजवलं. बायनं सगळ्या खोल्या बघून एकही पसंत केली नाही. मग रिसेप्शनमधले सगळे दिवे त्याला बंद करायला लावले, आपला दिवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवून लावला आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसली. तो हाताची घडी घालून उभा. बाहेर समुद्र काळपट होत होता. थोड्या वेळानं तो उकिडवा बसला, मग मांडी घातली, मग कुणी न विचारता त्याच्या वडिलांविषयी सांगायला लागला. रापण ओढून आले की ते याच जागेवर आडवे व्हायचे, आणि आई तिथंच भाकरी आणून द्यायची. मला घरी जायची घाई होती, पण उठावंसं वाटेना.

तो दिवा तिथंच राहिला. काही दिवसांनी त्याचा फोन. "बाय, लोकां खोलयेत जायनतच नाय. जेवण पण रिसेप्शनातच मागतत. एकतर ह्यो दिवो घेऊन जावा, नायतर अजून द्या." बायनं आणखी दोन दिले, तेही ओट्यासाठी. खोल्यांसाठी शेवटपर्यंत दिले नाहीत.

अशी ही बाई. गावात कुणाच्याही घरात शिरून ट्यूब काढा म्हणणारी. पण आठवडा बाजाराच्या दिवशी तिच्याकडे एक पाहुणी यायची आणि त्या दिवशी ती बदलून जायची. सकाळपासून केस विंचरलेले, ओटा दोनदा झाडलेला. पाहुणी म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. सासर मिठबावचं, आंब्याची कलमं असलेलं घर. पिशवीतून काहीतरी आणायची, कोकम, आंबे, कधी सुके बांगडे. ओट्यावर बसायची, चहा घ्यायची. "बरी आसंस मां, मम्मी?" "बरी आसंय. तू?" "बरी." एवढं झालं की बसची वेळ व्हायची. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं बोलायच्या की माझ्यासारख्या परक्या बाईलाही अवघडल्यासारखं वाटावं. दिव्यांच्या खोलीत मुलगी कधी पाऊल टाकायची नाही.

एकदा मी तिला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला गेले. देवगडची गाडी लागली नव्हती. मी सहज विचारलं, "तुमच्याकडे बायचे कितीतरी दिवे असतील ना?"

"एकव नाय," ती म्हणाली. "लग्नात एक दिल्यान. मी परत धाडलंय."

गाडीची वाट बघत ती बोलत राहिली. आई अमेरिकेला गेली तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती आणि परत आली तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. मधली सगळी वर्षं ती मावशीकडे वाढली. "मावशीन काय कमी केल्यान नाय. पण रविवारी मम्मीचो फोन येय. आणि ती माका थंयच्या खिडक्यो सांगी. ही खिडकी अशी, तिच्यातली काच तशी, संध्याकाळचो उजेड कसो पडता. माका त्या खिडक्यांचा काय करूचा होता, डॉक्टर? थंय ती दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आवशीक भरवी आणि माका खिडक्यो सांगी. त्या घराचो दिवो माझ्या घरात नको."

गाडी आली. ती चढली आणि खिडकीतून हात केला, अगदी हसून.

बायला मी यातलं काही सांगितलं नाही. पण त्यानंतर कधीतरी, दुपारी ती लाकूड घासत बसली होती आणि मी काही निमित्त नसताना शेजारी, तेव्हा तिनं आपणहून विषय काढला. मुलगी काय म्हणते ते तिला ठाऊक होतं. "फोनार मी काय सांगतलंय होतंय, गो? तुझी आठवण येता म्हटलंय तर मी रडतलंय. मी रडलंय तर ती रडतली. हजार कोसांवर पोर रडताहा आणि आपण पुसूक शकणा नाय. म्हणान खिडक्यो सांगी. दुसरा काय होता माझ्याकडे?" हात थांबला नव्हता. लाकडाचा भुगा तिच्या निळ्या सदऱ्यावर पडत होता. "चूक तिची नाय. माझी पण नाय. पण झाला ता झाला." मग तिनं मला उजेडाला फळी धरून बघायला लावली, कुठं ओरखडा राहिलाय का ते.

त्या हिवाळ्यात, कलमांना मोहर धरला होता तेव्हा, मुलगी बाजाराचा दिवस नसताना आली. दुपारची वेळ. ओट्यावर न थांबता सरळ दिव्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा ओढलेला, केस कसेतरी बांधलेले.

"मम्मी, सासूक अर्धांग झाला. डॉक्टरांनी घराक धाडल्यानी. तिका कुशीर वळवूक माका जमणा नाय. पाठीक जखम होऊक लागली." आणि मग, आवाज एकदम लहान झाला. "तुका जमता मां ता?"

बायनं रंधा खाली ठेवला. "जखम लाल आसा काय काळी?"

"लाल."

"पाणी पिताना ठसको लागता?"

"लागता."

"झोपवून पाजू नको. बसवून पाज. चल." तिनं हात धुतले, एक पिशवी भरली आणि त्याच निळ्या कपड्यात मुलीबरोबर एसटीत बसून गेली. मला जाताना फक्त मांजराचं सांगितलं.

ती परत यायचं नाव काढीना. बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. रंधा, पटाशी, फणसाची एक ठरावीक फळी आणि टॉवेलातले शिंपले घेऊन ये. मी रविवारी मिठबावला गेले.

मधली मोठी खोली. खाटेवर सासूबाई, आणि खाटेच्या दोन बाजूंना या दोघी. बाय शिकवत होती. "हातान ओढू नको, तुझी कंबर जातली. चादर धर. गुडघो खाटेक टेकव. आता अंगान मागे हो." चादर ताणली गेली आणि म्हातारी हलकेच कुशीवर झाली. मुलीनं पाठ उघडून मला दाखवली. जखम सुकत आली होती. तिला ती कुणाला तरी दाखवायचीच होती. "मम्मीन केल्यान," ती म्हणाली, आणि बाय लगेच म्हणाली, "खोटा सांगता. हिना केल्यान."

त्या खोलीत डोक्यावर एक लांबलचक, पांढरीफटक ट्यूब होती. इतके दिवस बाय तिच्याखाली बसली होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. हे मला मुलीकडून कळलं. सासूबाईंना बोलता येत नव्हतं, पण ट्यूब लागली की त्या भिंतीकडे तोंड करत आणि विझवली की कण्हत. शेवटी मुलीनंच आईला विचारलं होतं, "मम्मी, हिका कसलो उजेड बरो पडात?" तेव्हा कुठं मला फोन गेला.

दिवा अंगणात, कलमाच्या सावलीत झाला. मी दिवसभर तिथंच होते. मुलगी फळी धरून बसली होती आणि मधे मधे उठून आत जाऊन, सासूच्या उशीवर डोकं टेकून बघून यायची. "छप्पर अजून लांब होया. थंयसून बल्ब दिसता." बायनं दुसरी पट्टी कापली. "बैठक वायच खाली कर." बायनं खाली केली. तिच्या दिव्याला कुणी असं कर, तसं कर म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर काय झालं असतं हेही मला माहीत होतं. इथं ती मुकाट्यानं कापत होती, जोडत होती आणि वर मान करून विचारत होती, "आता?" नक्षी काहीच नव्हती. शिकागोच्या त्या घरात हा दिवा शोभला नसता. तो या खोलीचाच होता.

दिवेलागणीला तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला आणि मुलीनं ट्यूब बंद केली. उजेड जमिनीवरून पसरत जाऊन खाटेच्या कडेला थांबला. थोड्या वेळानं सासूबाईंनी भिंतीकडची मान आमच्याकडे वळवली. आधी दिव्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. मुलगी आईच्या खांद्याला टेकून बसली. मी बाहेर येऊन स्कूटर सुरू केली.

पुढे सासूबाई आधारानं उठून बसू लागल्या. बाय मालवणला परतली, पण अर्धी मिठबावचीच झाली. मुलगीही बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता यायला लागली.

मग माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा बाय ओट्यावर एका गिऱ्हाइकाशी बोलत बसली होती आणि आतून मुलीचा आवाज येत होता. चांगला चढा. चष्मा न लावता पटाशी धरायची नाही म्हणून किती वेळा सांगायचं, ताटातलं निम्मं जेवण मांजराला घातलं ते मला दिसलं नाही असं वाटतं का, बोट कापलं तर निस्तरायचं कुणी. बाय ऐकत होती. आतल्या मुलीकडे बोट करून त्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "माझा चेडू. ओरडता माझ्यार." मग माझ्याकडे वळून तेच. वाटेवरून मासेवाली चालली होती, तिला हाक मारून पुन्हा तेच. घरात मुलगी पहिल्या नंबरानं पास झाली की आई दारोदार पेढे देत फिरते, तशी ती प्रत्येकाला ते एकच वाक्य वाटत होती.

"मम्मी, भात थंड होताहा!" आतून हाक आली.

"बघ, परत ओरडली," बाय मला म्हणाली, आणि हसत हसत जेवायला उठली.